सरकारी रोख्यांवर मंदी करायची तर: बडोद्यातून इन्व्हर्स ईटीएफ वापरण्याची रीत

मार्च २०२२ मध्ये वडोदरा महानगरपालिकेने १०० कोटी रुपयांचे रोखे काढले. मुदत पाच वर्षं, व्याज ७.१५ टक्के. जेमतेम दीड महिन्याने, ४ मे २०२२ ला, रिझर्व्ह बँकेने ठरलेल्या बैठकीची वाट न पाहता रेपो दर (बँकांना उसने पैसे देण्याचा दर) ४ वरून ४.४० टक्क्यांवर नेला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० टक्के झाला. पालिकेच्या कागदावरचं व्याज मात्र ७.१५ टक्केच राहिलं. रोख्यांचा सगळा बाजार याच एका गोष्टीवर चालतो. कागदावरचं व्याज बदलत नाही, म्हणून कागदाची किंमत बदलते.

हिशोब मांडून पाहा. त्याच दर्जाचा नवा पाच वर्षांचा रोखा ८.१५ टक्के देऊ लागला, तर ७.१५ वाल्या जुन्या १०० रुपयांच्या रोख्याला बाजारात साधारण ९६ रुपये मिळतील. मुदत तीस वर्षांची असती तर तोच एक टक्का किंमत ८९ च्या आसपास नेतो. मुदत लांब तशी घसरण मोठी, आणि दर उतरले की वाढही तितकीच मोठी. या संवेदनशीलतेच्या मापाला ड्युरेशन म्हणतात. ड्युरेशन ७ असेल तर दर एक टक्का चढल्यावर किंमत ढोबळमानाने ७ टक्के पडते.

दांडिया बाजार, रावपुरा, प्रतापनगरातल्या मराठी घरांतून मुदत ठेव, पोस्ट आणि अलीकडे गिल्ट फंड (सरकारी रोख्यांत पैसे लावणारे फंड) असं सगळं असतं. दर चढणार असं वाटलं की प्रश्न येतो, घसरणीवर पैसे लावता येतात का, म्हणजेच मंदी करता येते का? येतात. त्यासाठीचं एक साधन म्हणजे इन्व्हर्स ईटीएफ, शेअरसारखा एक्स्चेंजवर घेता-विकता येणारा, पण उलट्या दिशेने चालणारा फंड. रोख्यांचा निर्देशांक एका दिवसात एक टक्का पडला तर हा फंड त्या दिवशी एक टक्का चढतो, दुप्पटवाला दोन टक्के, तिप्पटवाला तीन. ‘त्या दिवशी’ हे दोन शब्द लक्षात ठेवा. बहुतेकांचं नुकसान ते विसरल्यामुळे होतं.

आधी कागदावर चार ओळी लिहा

खातं उघडण्याच्या आधीचं हे काम आहे. कोणत्या देशाचे रोखे, कोणत्या मुदतीचे, किती काळात दर किती चढतील, आणि कशामुळे? ‘महागाई वाढतेय, दर वाढणारच’ एवढं पुरत नाही. ते सगळ्या बाजाराला माहीत असतं आणि आजच्या किमतीत धरलेलं असतं. बाजाराने धरलंय त्यापेक्षा दर जास्त चढले, तरच मंदीवाल्याला पैसे मिळतात.

मुदतीचा मुद्दा तर हमखास चुकतो. मध्यवर्ती बँक ठरवते तो दर एका दिवसाचा असतो. वीस-तीस वर्षांचा दर बाजार ठरवतो. अमेरिकेच्या फेडने (तिथल्या मध्यवर्ती बँकेने) जून २००४ ते जून २००६ या काळात दर १ वरून ५.२५ टक्क्यांवर नेला, सलग सतरा वेळा वाढवून. तरी दहा वर्षांच्या रोख्याचा दर मध्ये ४ टक्क्यांच्याही खाली उतरला होता. तेव्हा लांब मुदतीवर मंदी करून बसलेल्याचा दरवाढीचा अंदाज बरोबर ठरला आणि सौदा तोट्यात गेला.

दुसरी गफलत म्हणजे ‘सरकारची पत खालावली की रोखे पडणार’ हा समज. ५ ऑगस्ट २०११ ला स्टँडर्ड अँड पुअर्स या पतमानांकन संस्थेने अमेरिकेचं मानांकन एका पायरीने उतरवलं. पुढच्या दिवसांत अमेरिकी रोखे चढले. घाबरलेल्या लोकांनी शेअर विकले, आणि तो पैसा ठेवायला सुरक्षित जागा म्हणून त्यांनी तेच रोखे घेतले. भीती पसरली की अमेरिकी सरकारी रोखे बहुधा वर जातात, म्हणून वाईट बातमीवर मंदी करताना ती बातमी महागाईची आहे की भीतीची, हे वेगळं करा.

भारतातून कोणते रस्ते खुले आहेत

भारतातल्या एक्स्चेंजवर सरकारी रोख्यांचा इन्व्हर्स ईटीएफ नाही. सरळ बाजूचे गिल्ट ईटीएफ आहेत, उलटे नाहीत. कोणी ‘भारतीय गिल्टचा इन्व्हर्स फंड’ विकत असेल तर तिथेच थांबा. खरे रस्ते तीन आहेत.

पहिला, एनएसईवरचे व्याजदर वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचा सौदा आजच ठरलेल्या भावाने करण्याचे करार. सरकारी रोख्यावरचा रोखीने निपटारा होणारा वायदा जानेवारी २०१४ पासून चालू आहे. एका लॉटमध्ये (सौद्याच्या किमान मापात) २,००० रोखे, म्हणजे दर्शनी २ लाख रुपये. किंमत १०० रुपयांच्या हिशोबाने सांगतात, म्हणून ती एक रुपयाने हलली की लॉटमागे २,००० रुपयांचा फरक. दहा वर्षांच्या रोख्याचं ड्युरेशन साधारण ७ धरा. दर पाव टक्का चढला तर किंमत पावणेदोन रुपयांनी पडेल आणि एक लॉट विकलेल्याला सुमारे ३,५०० रुपये मिळतील. दर उतरला तर तेवढेच जातील, आणि मार्जिन (सौद्यासाठीची अनामत) रोजच्या रोज भरावं लागेल. इथली खरी अडचण उलाढालीची आहे. सौदे थोडे असतात. आधी ओपन इंटरेस्ट (अजून न मिटलेले सौदे) आणि खरेदी-विक्रीच्या भावातलं अंतर पाहा. अंतर दहा पैसे असेल तर येता-जाता लॉटमागे २०० रुपये तिथेच गेले.

दुसरा, सेबीने १ एप्रिल २०२५ पासून आणलेले स्पेशलाइज्ड इन्व्हेस्टमेंट फंड. त्यात डेट लाँग-शॉर्ट असा प्रकार आहे. व्यवस्थापक वायद्यांतून निव्वळ मालमत्तेच्या २५ टक्क्यांपर्यंत उघडी (हातातल्या रोख्यांच्या बचावासाठी नसलेली) मंदी करू शकतो. किमान गुंतवणूक १० लाख रुपये. मंदी किती आणि कधी हे तो ठरवणार, तुम्ही नाही.

तिसरा, अमेरिकेत सूचीबद्ध असलेले इन्व्हर्स ईटीएफ. पुढचं सगळं याबद्दल आहे.

पण त्याआधी एक गोष्ट स्वच्छ करू. तुमच्याकडे भारतीय गिल्ट फंड आहे आणि भारतात दर चढतील या काळजीने तुम्ही अमेरिकी इन्व्हर्स फंड घेताय, तर ते चुकीचं आहे. अमेरिकी दर आणि भारतीय दर वर्षानुवर्षं वेगवेगळ्या दिशेने चालू शकतात, वर डॉलर-रुपयाची वेगळी जोखीम येते. भारतीय गिल्टची काळजी असेल तर तो फंड विकून लिक्विड फंडात (अगदी कमी मुदतीच्या कागदांच्या फंडात) या, किंवा रिझर्व्ह बँकेचे फ्लोटिंग रेट सेव्हिंग बाँड घ्या. त्यांची मुदत सात वर्षं, व्याज राष्ट्रीय बचत पत्रापेक्षा ०.३५ टक्के जास्त, आणि दर १ जानेवारी व १ जुलैला नव्याने ठरतं. घरच्या पैशासाठी बहुतेकांना एवढंच पुरतं. इन्व्हर्स ईटीएफ हा अमेरिकी दरांवरचा वेगळा सौदा आहे, तो तसाच समजून करा.

फंडांची नावं, आणि नावांतला फास

वीस वर्षांहून लांब मुदतीच्या अमेरिकी रोख्यांवर प्रोशेअर्सचा टीबीएफ हा एकपट उलटा फंड आहे. त्याच कंपनीचा टीबीटी दुप्पट उलटा, २००८ पासून चालू. टीटीटी तिप्पट. डायरेक्सियनचा टीएमव्ही हाही तिप्पट उलटा. सात ते दहा वर्षांच्या रोख्यांवर पीएसटी हा दुप्पट उलटा. सरळ बाजूचा मोठा फंड म्हणजे आयशेअर्सचा टीएलटी. लांब मुदतीचे रोखे आज चढले की पडले, हे पाहायला त्याचाच भाव उघडतात. त्याचं ड्युरेशन साधारण १६ च्या आसपास असतं.

आता फास. टीएमव्ही मंदीचा, पण टीएमएफ हा तिप्पट तेजीचा. एका अक्षराने सौदा उलटा होतो आणि तिप्पट उलटा होतो. ऑर्डर टाकण्याआधी फंडाचं पूर्ण नाव वाचा. त्यात ‘शॉर्ट’ किंवा ‘बेअर’ असायला हवं.

नवख्याने एकपटवाल्यापासूनच सुरुवात करावी. लांब मुदतीचे रोखे आधीच इतके हलतात की त्यावर दुप्पट-तिप्पट चढवायची गरज नसते. दर एक टक्का चढला तर एकपट फंडही ढोबळ १६ टक्के देतो. २०२२ साली फेडने शून्याजवळून दर चढवायला सुरुवात केली, त्या एका वर्षात टीएलटी सुमारे ३१ टक्के पडला होता.

फंडाच्या पोटात काय चालतं

इथे घाई करू नका. पुढच्या दोन हिशोबांत फंडाचं सगळं वर्तन आहे.

पहिला हिशोब रोजच्या फेरमांडणीचा. फंड रोज संध्याकाळी आपली मंदी त्या दिवशीच्या नव्या मूल्याइतकी जुळवून घेतो. समजा निर्देशांक १०० आहे. आज एक टक्का चढून १०१ झाला, उद्या उतरून पुन्हा १०० वर आला. दुप्पट उलटा फंड आज १०० चा ९८ झाला. उद्या निर्देशांक ०.९९ टक्के पडला, म्हणजे फंड १.९८ टक्के चढला. ९८ वर १.९८ टक्के म्हणजे ९९.९४. निर्देशांक होता तिथे आला, फंड सहा पैसे खाली राहिला. वर्षाचे २५० कामाचे दिवस असंच वर-खाली चाललं तर निर्देशांक १०० वरच असेल. एकपट उलटा फंड मात्र सुमारे २.४ टक्के, दुप्पट ७.२ टक्के आणि तिप्पट १३.८ टक्के गमावून बसेल. याला घसारा म्हणू.

उलट, एकाच दिशेने ओढ लागली तर हीच फेरमांडणी मदत करते. निर्देशांक सलग दहा दिवस रोज एक टक्का पडला तर तो एकूण ९.६ टक्के पडतो. साध्या दुप्पटीने १९.१ यायला हवेत, पण दुप्पट फंड २१.९ टक्के देतो. म्हणून हे साधन सरळ, सलग घसरणीचं आहे. दर वर जातील पण गचके खात जातील असा तुमचा अंदाज असेल तर दुप्पट-तिप्पट फंड घेऊ नका.

अजून एक बारकावा. फंडाचं वचन एका दिवसाच्या बंद भावापासून दुसऱ्या दिवशीच्या बंद भावापर्यंतचं असतं. तुम्ही दुपारच्या मधल्या भावाला घेतला तर तुमच्या वाट्याची पट त्या दिवशी नेमकी दुप्पट नसते.

दुसरा हिशोब भाड्याचा. मंदी म्हणजे जणू रोखा उसना घेऊन विकणं, म्हणून मंदी करणारा त्या रोख्याचं व्याज देणं लागतो. फंडाकडची रोकड अल्पमुदतीचं व्याज कमावते, आणि मंदीच्या स्वॅपवरही (परताव्याच्या अदलाबदलीच्या करारावरही) अल्पमुदतीचा दर मिळतो. दर जागचे हलले नाहीत तर एकपट फंडाचं वर्षाचं गणित असं: अल्पमुदतीचा दर गुणिले दोन, वजा लांब मुदतीचा दर, वजा फंडाचा खर्च. दुप्पट फंडाचं: अल्पमुदतीचा दर गुणिले तीन, वजा लांब मुदतीचा दर गुणिले दोन, वजा खर्च. खर्च वर्षाला साधारण ०.९ ते १ टक्का असतो.

आकडे घालून पाहा. अल्पमुदतीचा दर ०.१ आणि लांब मुदतीचा ३ टक्के असेल तर एकपट फंड वर्षाला ३.७ टक्के आणि दुप्पट फंड ६.६ टक्के आपोआप झिजतो, वरचा घसारा वेगळा. २००८ नंतर अमेरिकेत बरीच वर्षं परिस्थिती याच्या जवळपास होती, म्हणून ‘दर आता आणखी किती उतरणार’ म्हणून टीबीटी धरून बसलेल्यांचं भांडवल संपत गेलं. आता अल्पमुदतीचा ४ आणि लांब मुदतीचा ५ धरा. एकपट फंडाला वर्षाला सुमारे २.१ टक्के आणि दुप्पटला १.१ टक्के उलट मिळतात. प्रत्यक्षात स्वॅपच्या अटींमुळे थोडं कमीच पडतं, पण दिशा हीच. घेण्याच्या दिवशी दोन दर पाहून हे गणित स्वतः करा. दोन मिनिटांचं काम आहे. फंड नुसता धरून ठेवायला तुम्हाला भाडं भरावं लागणार की मिळणार, ते त्यातून कळतं.

भारतीय वायद्यातही हे भाडं असतंच. रोख्याचा दर पैशाच्या दरापेक्षा जास्त असला की वायदा हजर भावापेक्षा स्वस्त असतो, आणि विकणारा तेवढा तोटा सुरुवातीलाच पत्करतो.

आणि एक गोष्ट मंदीवाल्याच्या कायम विरुद्ध असते. दर चढत गेले की रोख्याची घसरण हळूहळू मंदावते, दर उतरत गेले की वाढ वेग घेते. वरचं १६ चं गणित म्हणूनच ढोबळ. फायद्याच्या बाजूला ते थोडं कमी भरतं आणि तोट्याच्या बाजूला थोडं जास्त.

पैसे बाहेर पाठवणं

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली, ज्याला सगळे एलआरएस म्हणतात, एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर बाहेर पाठवता येतात. पण याच योजनेत परदेशी एक्स्चेंजला मार्जिन किंवा मार्जिन कॉलसाठी पैसे पाठवायला मनाई आहे. म्हणजे बडोद्यात बसून अमेरिकी रोख्यांचे वायदे विकणं किंवा टीएलटी उसना घेऊन विकणं बसत नाही. इन्व्हर्स ईटीएफचं युनिट पूर्ण रक्कम देऊन विकत घ्यायचं असतं, तोटाही गुंतवलेल्या रकमेपलीकडे जात नाही, म्हणून हा मार्ग उरतो.

तरी दोन ठिकाणी आधी विचारा. फंडाच्या पोटात स्वॅप आणि वायदे असतात, त्यामुळे काही भारतीय प्लॅटफॉर्म इन्व्हर्स आणि लिव्हरेज्ड (दुप्पट-तिप्पट) फंड यादीत ठेवतच नाहीत, काही वेगळं घोषणापत्र घेतात. ब्रोकरला ईमेल करा, फंडाचं नाव लिहून, आणि लेखी उत्तर घ्या. दुसरं बँकेत. अलकापुरी-सयाजीगंजातल्या शाखांतून परकीय चलनाचं काम पाहणारा माणूस वेगळा असतो, काउंटरवर विचारून उपयोग नाही. त्याला सरळ विचारा: ‘साहेब, परदेशी सूचीबद्ध ईटीएफ घ्यायला एलआरएसमध्ये पैसे पाठवायचे आहेत. फॉर्म ए-२ मध्ये कोणता कोड टाकू? डॉलरचा तुमचा आजचा विक्री भाव काय, आणि पैसे पाठवायचा तारेचा खर्च किती?’ बाजारातला भाव त्याच मिनिटाला मोबाइलवर पाहा. फरक कळेल, आणि मोठ्या रकमेला घासाघीस करता येते.

गिफ्ट सिटी हे आंतरराष्ट्रीय वित्तकेंद्र बडोद्याहून अहमदाबादमार्गे गाडीने दोन-अडीच तासांवर. तिथल्या ब्रोकरकडूनही परदेशी बाजारात जाता येतं. पण तिकडे पाठवलेला पैसाही एलआरएसच्या मर्यादेतच मोजला जातो, तेव्हा गुजरातबाहेर पैसा गेला नाही म्हणून नियम सुटत नाहीत.

वर्षात १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस (पैसे पाठवताना बँक आगाऊ कापते ती कराची रक्कम) कापला जात नाही. त्यावरच्या गुंतवणुकीच्या रकमेवर २० टक्के कापतात. हा वेगळा कर नाही, विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. म्हणून मर्यादा ओलांडायची असेल तर मार्चमध्ये आणि एप्रिलमध्ये विभागून पाठवा.

जाता-येता चलनाच्या भावात एकेक टक्का गेला तर अडीच लाखांवर ५,००० रुपये. ड्युरेशन १६ च्या एकपट फंडात एवढे भरून यायला दर पाव टक्क्याच्या निम्म्याने चढायला हवा. पाच-दहा हजारांचे हप्ते पाठवत बसलात तर तारेचा ठरीव खर्चच सौदा खाऊन टाकेल. एकदाच पाठवा.

मार्जिनवर, दहापट-वीसपट उधारीवर परदेशी रोखे खेळायला देणारी ॲप जाहिरातीत दिसतात. त्यातली बरीच रिझर्व्ह बँकेच्या सावधगिरीच्या यादीत आहेत, आणि तिथे पैसे पाठवणं हा परकीय चलन कायद्याचा भंग आहे. यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे, नाव शोधून पाहा.

रक्कम कशी ठरवायची

किती मिळेल यावरून रक्कम ठरवू नका, किती गेलं तर घराला झळ लागणार नाही यावरून ठरवा. समजा ३०,००० रुपयांचा तोटा सोसता येईल. आणि दर ०.७५ टक्क्याने उतरला तर आपला अंदाज चुकला असं मानून बाहेर पडायचं ठरवलं. ड्युरेशन १६, म्हणजे एकपट फंडात ढोबळ १२ टक्के तोटा. ३०,००० भागिले ०.१२, म्हणजे अडीच लाख. दुप्पट फंडात तोटा २४ टक्के, म्हणून रक्कम सव्वा लाखच. रकमेत हा फरक न करता दुप्पट फंड घेणं ही नवख्यांची सगळ्यात महागडी चूक आहे.

मुलांच्या शिक्षणाचा, औषधपाण्याचा किंवा निवृत्तीचा महिन्याचा खर्च चालवणारा पैसा यात आणू नका. लांब मुदतीचा हा फंड एका तिमाहीत वीस टक्के पडणं अशक्य नाही.

ऑर्डर, आणि घड्याळ

अमेरिकी बाजार आपल्या वेळेने उन्हाळ्यात संध्याकाळी ७ ते रात्री दीड, हिवाळ्यात ८ ते अडीच. महागाईचा आकडा बाजार उघडण्याच्या तासभर आधी, उन्हाळ्यात संध्याकाळी ६ ला येतो. रोख्यांच्या लिलावाचा निकाल रात्री साडेदहाच्या सुमारास, फेडचा निर्णय साडेअकराला. हिवाळ्यात यात एकेक तास वाढवा. या घटनांच्या अलीकडे-पलीकडे अर्धा तास आणि बाजार उघडल्यावरची पहिली पंधरा मिनिटं सोडून द्या. भावांतलं अंतर तेव्हा रुंदावतं.

नेहमी लिमिट ऑर्डर (आपण भावाची हद्द ठरवलेली) टाका, मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाची) कधीच नको. ठरवलेली रक्कम दोन-तीन भागांत, आठवडाभराच्या अंतराने घाला. स्टॉप-लॉस (भाव ठरलेल्या पातळीला आला की आपोआप विकणारी ऑर्डर) लावला तरी त्यावर विसंबू नका. रोख्यांचा भाव रात्रीतून उडी मारतो आणि तुमचा स्टॉप खूप खालच्या भावाला लागतो. तिप्पट फंडात तर हे नेहमीचं.

धरून बसल्यावर

आठवड्यातून एकदा दहा आणि तीस वर्षांचा दर पाहा. फंडाच्या किमतीकडे पाहून अंदाज तपासू नका, कारण तिच्यात घसारा आणि भाडं मिसळलेलं असतं. जुन्या आलेखांवरूनही फसू नका. झिजलेल्या फंडांची युनिटं कंपनी अधूनमधून एकत्र करून भाव वर आणते, म्हणून जुने आकडे भलतेच उंच दिसतात.

मध्यवर्ती बँक मधे पडली तर काय, याचं उत्तर आधीच तयार ठेवा. २३ सप्टेंबर २०२२ च्या मिनी बजेटनंतर ब्रिटनचे लांब मुदतीचे रोखे कोसळत होते. २८ तारखेला बँक ऑफ इंग्लंडने खरेदी जाहीर केली आणि तीस वर्षांचा दर एका दिवसात एक टक्क्याहून जास्त उतरला. पाच दिवस बरोबर असलेल्या मंदीवाल्याने त्या दिवशी सगळं परत दिलं असेल. फायदा वीस-पंचवीस टक्क्यांवर गेला की निम्मं काढून घ्यावं, हे यासाठी.

जपानचं उदाहरण दुसऱ्या टोकाचं. सरकारचं कर्ज प्रचंड म्हणून नव्वदच्या दशकापासून पुष्कळांनी जपानी रोख्यांवर मंदी केली. दर वर जाण्याऐवजी उतरत गेले आणि २०१६ मध्ये दहा वर्षांचा दर शून्याखाली गेला. अमेरिकेतही दहा वर्षांचा दर ऑगस्ट २०२० मधल्या अर्ध्या टक्क्यापासून ऑक्टोबर २०२३ मध्ये ५ टक्क्यांना टेकला, पण त्याआधी दशकभर लोक त्याचीच वाट पाहत झिजले होते. म्हणून पहिल्या कागदावर लिहिलेली मुदत पाळा. तीन महिने म्हटलं असेल आणि तीन महिन्यांत काही घडलं नसेल, तर फायदा-तोटा न पाहता विका. पुन्हा कारण सापडलं तर पुन्हा घेता येतो.

रुपयाचंही ध्यानात असू द्या. अमेरिकी दर चढताना डॉलर बहुधा मजबूत होतो आणि रुपयातला फायदा थोडा वाढतो, पण त्यावर हिशोब बांधू नका.

कर आणि कागदपत्रं

ब्रोकरकडे डब्ल्यू-८बेन फॉर्म (आपण अमेरिकेचे करदाते रहिवासी नाही हे सांगणारा) भरा. तो भरला तर फंडाने वाटलेल्या लाभांशावर अमेरिकेत २५ टक्के कापतात, नाही तर ३०. इन्व्हर्स फंडही रोकडीच्या व्याजातून लाभांश वाटतात, दर चढे असताना ही रक्कम लहान नसते. कापलेल्या कराचं क्रेडिट इथे मिळतं, मात्र त्यासाठीचा वेगळा फॉर्म वेळेत भरावा लागतो.

२४ महिन्यांच्या आत विकलं तर अल्पकालीन नफा, तुमच्या स्लॅबप्रमाणे कर. ही साधनं त्याहून जास्त धरायची नसतातच, तेव्हा तीस टक्क्यांच्या स्लॅबमधल्याने फायदा मोजतानाच कर वजा करून मोजावा. एनएसईच्या वायद्यातला नफा-तोटा मात्र व्यवसायाचं उत्पन्न ठरतो आणि त्याचं विवरणपत्र वेगळं असतं.

परदेशी मालमत्तेची माहिती विवरणपत्रातल्या शेड्यूल एफएमध्ये द्यावी लागते, आणि ती आर्थिक वर्षाची नव्हे तर जानेवारी ते डिसेंबर या वर्षाची. मध्येच घेऊन मध्येच विकलेला फंडही दाखवायचा असतो. न दाखवल्यास १० लाख रुपये दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून एकूण परदेशी मालमत्ता २० लाखांच्या आत असेल तर तो दंड लागत नाही, पण माहिती द्यायची जबाबदारी तशीच राहते. डिसेंबर संपला की ब्रोकरकडून वर्षाचं पूर्ण विवरण उतरवून घ्या, त्यात वर्षातली सर्वोच्च शिल्लक आणि अखेरची शिल्लक दोन्ही हवी.

अमेरिकेतली अशी मालमत्ता ६०,००० डॉलरच्या वर गेली तर मालकाच्या मृत्यूनंतर तिथला वारसा कर लागू शकतो. घरात कोणाला तरी खात्याची माहिती लिहून ठेवा आणि रक्कम त्या आकड्याच्या बरीच आत ठेवा.